कोकणात निळा सायकस वाढवायचाय? मग पावसाच्या आधी हे वाचा

इन्स्टावर तो निळ्या-राखाडी काटेरी पानांचा सायकस बघून हल्ली बरेच जण विचारतात की हे आपल्याकडे होईल का. होतं. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, कुठेही होतं. पण व्हिडिओत जे सांगतात ते बहुतेक पुण्याकडच्या नाहीतर परदेशातल्या कोरड्या हवेसाठी असतं, आणि ते जसंच्या तसं इथे केलं की झाड पहिल्याच पावसात कुजतं. नवीन माणूस घाबरतो उन्हाला आणि खाऱ्या वाऱ्याला, पण इथलं खरं दुखणं एकच, मुळाशी थांबणारं पाणी, आणि त्याचा बंदोबस्त जूनमध्ये करून काही होत नाही, तो कुंडी भरताना करायचा असतो. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

झाडाचं खरं नाव एन्सेफॅलार्टॉस हॉरिडस. नर्सरीत याला ब्लू सायकस म्हणतात. मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातलं, गेबेर्हाच्या (जुनं नाव पोर्ट एलिझाबेथ) आसपासच्या कोरड्या, खडकाळ, झुडपी रानातलं. लोक वाळवंटी झाड म्हणतात, पण तिकडे पाऊस पडतो, वर्षाला साधारण ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि तोही वर्षभर थोडा थोडा. आपल्याकडे २५०० ते ३५०० मिलिमीटर, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं आपोआप कळेल.

१. आधी झाड खरं आहे का ते बघा

ब्लू सायकस म्हणून साधा सायकस, म्हणजे अंगणात सगळ्यांकडे असतो तो सायकस रेव्होल्युटा, विकणारे भेटतात. ओळखायचं सोपं आहे, एक पातं हातात धरून उन्हासमोर बघा. साध्या सायकसच्या पात्यात मधोमध एकच ठळक शीर असते. एन्सेफॅलार्टॉसच्या पात्यात मधली शीर नसतेच, बारीक बारीक समांतर रेघा दिसतात टोकापर्यंत. शिवाय हॉरिडसच्या पात्याला खालच्या कडेला एक-दोन फाटे फुटतात आणि ते फाटे पात्याच्या रेषेत न राहता वेगळ्याच दिशेला पिळवटून जातात, प्रत्येकाच्या टोकाला काटा. एकदा बघितलं की परत चुकत नाही.

एक मात्र आहे, लहान रोप एवढं निळं नसतं. दोन-तीन पानांचं रोप हिरवट दिसलं म्हणून खोटं समजू नका, निळेपणा वयाने आणि उन्हाने येतो. उलट अगदी बारक्या रोपाचा गडद निळा फोटो ऑनलाइन दिसला तर तो एडिट केलेला असण्याची शक्यता जास्त.

घेताना गड्डा, म्हणजे ते जाड गोल खोड, अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखा घट्ट पाहिजे. जराही दबलं तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

२. कागद मागा, लाजू नका

हे लोकांना कटकट वाटतं पण मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. एन्सेफॅलार्टॉसच्या सगळ्याच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे जंगलातून उपटलेल्या झाडाचा देशादेशांतला व्यापार बंद. तरी चोरी चालूच आहे, इतकी की दक्षिण आफ्रिकेत झाडांच्या खोडात मायक्रोचिप बसवतात. याच कुळातल्या एन्सेफॅलार्टॉस वूडी या जातीचं तर जंगलात फक्त एकच झाड सापडलं, १८९५ मध्ये, तेही नर, आणि आज जगात जी आहेत ती सगळी त्याच एका झाडाची पिल्लं, म्हणजे त्याच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांपासून वाढवलेली. मादी आजवर मिळालेली नाही. त्यामुळे स्वस्तात मिळतंय म्हणून कुठून आलंय हे न विचारता घेणं बरोबर नाही.

नर्सरीत वाढवलेलं झाड परवाने घेऊन येऊ शकतं. तुमच्याकडे काय असायला हवं ते असं:

- इथल्या नर्सरीतून घेतलं तर जातीचं पूर्ण नाव लिहिलेलं पक्कं बिल, आणि झाड बियांपासून किंवा पिल्लांपासून वाढवलंय असं त्यावर लिहून घ्या
- बाहेरून मागवणार असाल तर साइट्स परवाना, प्लांट क्वारंटाइनचं इम्पोर्ट परमिट, आणि पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला

पाकिटात लपवून बिया पाठवतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या याद्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आल्यात. आणि सुरुवात करणाऱ्याने परदेशातून मागवूच नये असं माझं मत आहे, इथे एखादा पावसाळा काढलेलं रोप मिळालं तर त्याचे दोन पैसे जास्त द्या.

३. सामान

फार लागत नाही. उभट मातीची कुंडी, कारण याचं मुख्य मूळ जाड असतं आणि सरळ खाली जातं. तळाला मोठं भोक, नसेल तर पाडून घ्या. क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक खडी, नदीची जाड वाळू, जुनं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, लाकडी कोळशाचा चुरा. जाड चामड्याचे हातमोजे, साधे बागकामाचे चालणार नाहीत, काटे आरपार जातात. एक जुनं गोणपाट. कुंडीखाली ठेवायला चिऱ्याचे तुकडे. आणि पावसासाठी पारदर्शक पत्रा, त्याचं पुढे सांगते.

४. मिश्रण

चार भागांतले तीन भाग दगड-वाळू आणि एक भाग खत आणि कोळसा मिळून. हो, एवढी कमी माती, खरं तर माती नाहीच. खडी चाळून घ्या, पीठ काढून टाका, नाहीतर तेच पीठ तळाला जाऊन बसतं आणि सिमेंटसारखं होतं. जांभ्याचा चुरा चालतो का असं सगळे विचारतात कारण तो आपल्याकडे फुकट पडलेला असतो. कठीण जांभ्याची चाळून धुतलेली खडी थोडी चालते, पण मऊ जांभा दोन पावसांत विरघळून चिकण होतो, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर नको.

तीन गोष्टी अजिबात नकोत. एक, पुळणीवरची वाळू, कितीही धुतली तरी. दोन, कोकोपीट. आपल्याकडे सोडणं ढिगाने असतात, सगळ्या कुंड्यांत आपण तेच घालतो, पण ते पाणी धरून ठेवतं आणि नीट धुतलेलं नसेल तर त्यात मीठही असतं. तीन, ताजं शेणखत.

परीक्षा अशी, भरलेल्या कुंडीत एक तांब्या पाणी ओता. वर तळं न होता पाणी लगेच आत गेलं पाहिजे आणि खालून धार लागली पाहिजे. वर थांबलं तर कुंडी रिकामी करा आणि खडी वाढवा. मिश्रणात चुना घालायला सांगणारे असतात, आपली जमीन आंबट म्हणून, पण तुम्ही जमिनीतली माती वापरतच नाही आहात, त्यामुळे गरज नाही.

५. लावणी

डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. मे महिन्याच्या शेवटी लावायला घेऊ नका, मुळांच्या जखमा भरायच्या आत पाऊस येतो.

पानांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा म्हणजे तुम्हीही वाचाल आणि पानंही. जुन्या कुंडीतून काढून मुळं झटका, नर्सरीची चिकट लाल माती असेल तर पाण्याने धुवूनच काढा. आता मुळं नीट बघा. निरोगी मूळ आतून पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं काळं-तपकिरी, बोटाने दाबलं की वरची साल मोज्यासारखी सुटून येते आणि आंबलेला वास येतो. तेवढं सगळं धारदार सुरीने कापा, पांढरा भाग लागेपर्यंत, मन घट्ट करून, अर्धवट ठेवलेली कूज वर चढते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याची पेस्ट, लावा. बागायतदारांच्या घरात ती असतेच, नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट चालते. मग झाड सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर तसंच उघडं ठेवा. याला काही होत नाही, गड्ड्यात साठा असतो.

मुळांत कधीकधी वरच्या दिशेला वाढलेले पोवळ्यासारखे झुपके दिसतात. नवीन माणूस हमखास रोग समजून तोडतो. तोडू नका! त्या मुळांत नील-हरित शैवाल राहतं आणि ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतं. भाताच्या शेतात जे नील-हरित शैवालाचं खत टाकतात तोच प्रकार.

लावताना गड्ड्याचा वरचा भाग, जिथून पानं फुटतात तो, मिश्रणाच्या पूर्ण वर राहिला पाहिजे. वर एक थर नुसत्या खडीचा द्या. पहिलं पाणी लगेच नाही, पाच-सहा दिवसांनी.

जमिनीत लावू का? पहिली काही वर्षं तरी नको. कुंडीत झाड खुजं राहील, मरेल वगैरे भीती बाळगू नका, लंडनच्या क्यू गार्डनमध्ये याच कुळातलं एक झाड, त्यांच्यासाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसनने ईस्टर्न केपमधूनच नेलेलं, १७७५ पासून आहे आणि अजून कुंडीतच आहे. अगदीच जमिनीत हवं असेल तर चिऱ्यांचा दोन फूट उंच वाफा बांधा आणि तोही याच मिश्रणाने भरा, खड्डा खणून लावू नका, जांभ्यात खणलेला खड्डा म्हणजे पावसाळ्यात विहीर.

६. जागा

रोज पाच-सहा तास ऊन. पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू चांगली. नेटखाली वाढलेलं रोप एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवलं तर पानं भाजतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे हळूहळू सरकवा.

माडाखाली नको, झावळ पडली की संपलं. आंब्याखाली सावली आणि वर चिकटा. घर अगदी समुद्राला लागून असेल तर वाऱ्याच्या बाजूला भिंत किंवा कुंपण असू द्या. आणि येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका, पोरं धावताना पायाला चांगलंच लागतं.

७. पाणी

ठरलेला वार नको, काडी वापरा. बांबूची लांब कोरडी काडी कुंडीत चार-पाच इंच खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओली किंवा गार लागली तर पाणी नाही. अंदाज म्हणून सांगायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी, मार्च ते मे आठवड्यातून दोनदा. द्याल तेव्हा भरपूर द्या, खालून निथळेपर्यंत, रोज चमचाभर असं नको. गड्ड्याच्या टोकात पाणी साचू देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. चहाला चव लागत असेल तर ते पाणी कुंडीला घालू नका, क्षार साठून पानांची टोकं करपतात. तेवढ्यापुरतं नळाचं गोडं पाणी वापरा.

८. पावसाळा

सगळा लेख यासाठीच लिहिलाय, त्यामुळे हे घाईत वाचू नका.

वळवाचा पहिला पाऊस पडू द्या, पानांवरची धूळ आणि मीठ धुऊन जातं, झाडाला तो आवडतो. मृगाच्या आधी मात्र कुंडी छपराखाली गेलीच पाहिजे. छप्पर पारदर्शक हवं, पॉलिकार्बोनेटचा किंवा फायबरचा पत्रा. बहुतेक लोक कुंडी उचलून पडवीत नेऊन ठेवतात, पाणी लागत नाही खरं, पण तिथे ऊन नसतं, आणि नेमकं जुलैत नवीन पान फुटलं तर ते उजेडाच्या शोधात लांबलचक, लुळं आणि हिरवं येतं. ते पान पुढे वर्षानुवर्षं तसंच राहतं, नंतर कितीही उन्हात ठेवा.

पत्रा लावताना आपला पाऊस सरळ पडत नाही हे विसरू नका. नैऋत्येकडून आडवी झड येते. म्हणून पत्र्याचा उतार त्या बाजूला जास्त खाली आणा, पण बाकीच्या बाजू उघड्या ठेवा. सगळीकडून प्लास्टिक लावून बंद केलं की आत दमट कोंडतं आणि पानांवर काळे ठिपके येतात, गड्ड्यावर पांढरी बुरशी. ताडपत्री तर नकोच, उजेडही जातो आणि हवाही. पागोळीची धार कुठे पडते ते पहिल्याच पावसात उभं राहून बघा, कौलांची पागोळी कुंडीत पडत असेल तर पत्रा लावून उपयोग काय.

कुंडीखालची ताटली काढून टाका. कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर, मधे भोक मोकळं राहील अशी ठेवा, आणि भोकात शेवाळ किंवा गांडुळांची माती अडकली नाही ना ते अधूनमधून काडीने तपासा.

या चार महिन्यांत पाणी जवळजवळ नाहीच. हवेतच एवढी ओल असते की मातीची कुंडीसुद्धा सुकत नाही. काडी पूर्ण कोरडी आली, सलग उघडीप असेल, तरच थोडं पाणी, दोन-तीन आठवड्यांतून एकदा फार तर. खत शून्य.

दर आठवड्याला मोजे घालून गड्डा हलकेच हलवून बघा. डुगडुगला, बुडाशी मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर भर पावसातसुद्धा लगेच कुंडीतून काढा आणि पाचव्या पायरीतलं कापणं-सुकवणं करा. सुकवताना बाहेर दमट असतं म्हणून घरात पंख्याखाली ठेवा. खालची जुनी एक-दोन पानं पिवळी झाली तर घाबरायचं नाही, ते वयाने होतं. सगळी पानं एकदम मलूल पिवळी झाली तर ते मुळाचं दुखणं आहे, आणि अशा वेळी पाणी कमी पडलं समजून पाणी घालणं हा सगळ्यात मोठा घात.

ऑक्टोबरमध्ये छप्पर काढताना एकदम काढू नका. ऑक्टोबर हीटचं ऊन चार महिने पत्र्याखाली राहिलेल्या पानांना सोसत नाही, आठवडाभर दुपारची सावली द्या.

९. नवीन पानं

याची पानं एकेक करून येत नाहीत, मधून पूर्ण झुपका एकदम येतो, वर्षातून एकदा, कधी तेही नाही. लहान रोप वर्षभर काहीच न करता बसून राहतं. गड्डा घट्ट आहे ना, मग थांबा, उकरून बघू नका.

झुपका येताना आधी मधली टोकं फुगतात, मग मऊ, फिकट, लव असलेली पानं वर येतात. या दिवसांत कुंडी हलवू किंवा फिरवू नका आणि पानांना हात लावू नका. पानांवर पांढरट-निळा मेणाचा थर असतो, आणि तो निळा रंग म्हणजे तो थरच. बोटाने घासलात तर तिथे कायमची हिरवी खूण राहते. पानं पुसून चकचकीत करायची सवय असेल तर ती या झाडापुरती सोडा.

१०. कीड आणि खत

घरात साधा सायकस असेल तर त्याच्या कोवळ्या पानांवर छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्या पडतात, प्लेन्स क्यूपिड नावाचं फुलपाखरू, एका रात्रीत पूर्ण झुपका खरवडून टाकतात. मुख्य खाद्य त्यांचं साधा सायकस असलं तरी शेजारी हे झाड असेल तर कोवळेपणी रोज सकाळी बघा, आणि सरळ मच्छरदाणीचं कापड टाकून ठेवा, औषधापेक्षा बरं. साध्या सायकसवर पांढरी खवले कीडही येते, पानाच्या मागे पांढरं शिंपडल्यासारखं दिसतं, तसं झाड याच्या जवळ ठेवू नका.

पिठ्या ढेकूण किंवा खवले दिसले तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून तेवढ्याच जागी टिपा. कडुनिंबाचं तेल फवारायचा मोह होतो कारण ते सेंद्रिय, पण तेलाने मेणाचा थर जातो. बोर्डोही पानांवर नको, डाग पडतात.

खत ऑक्टोबरच्या शेवटी एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, हळू विरघळणारं, सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं. माडाला घालतो ते मासळीचं खत याला नको, त्यात मीठ असतं.

११. विषारी आहे, घरात सगळ्यांना सांगा

सायकॅड, म्हणजे सायकस आणि त्याच्या भाऊबंद झाडांत, सायकासिन नावाचं विष असतं, सगळ्यात जास्त बियांमध्ये. कुत्र्याने चावलं तर यकृतावर जातं, लक्षणं दिसायची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या. गुरं-शेळ्या मोकळ्या असतील तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. कापलेली पानं गोठ्यात किंवा परसात टाकू नका.

१२. पिल्लं

बियांची आशा धरू नका. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, कोन, म्हणजे यांना फुलांच्या जागी येणारे शंकू, यायला बरीच वर्षं लागतात, आणि दोन्ही झाडं एकाच वेळी कोनवर आली तरच काही होणार. पण बुडाशी पिल्लं फुटतात. मुठीएवढं झाल्याशिवाय काढू नका, आणि काढायचं ते जानेवारीच्या आसपास, हवा कोरडी असताना. बाजूची खडी बाजूला करून जोड कुठे आहे ते दिसू द्या, मग एकाच वारात धारदार सुरीने कापा, ओढून तोडू नका. आई आणि पिल्लू दोघांच्या जखमेवर बोर्डो पेस्ट. पिल्लाची पानं निम्मी छाटा, आठवडा-दोन आठवडे सावलीत सुकवा आणि मग नुसत्या जाड वाळू-खडीत ठेवा, खताशिवाय. मुळं यायला महिनेच्या महिने लागतात. त्याचा पहिला पावसाळा पूर्ण छपराखाली काढा, वळवाचा पाऊससुद्धा त्याला नको, आणि कुंडीवर काढल्याची तारीख आणि आईचं नाव पेन्सिलने लिहिलेली पट्टी लावून ठेवा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिलीचं टिकतं. पुढे पिल्लू कुणाला दिलंत तर बिलाची झेरॉक्सही सोबत द्या.